बाबांनी पाटीवर लिहिलं, "यातून सोडव"

पागडीवाली | रविवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. दहा वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही चाळीत राहतो. माझ्या बाबांना (वय ७१) गेल्या वर्षी मोटर न्यूरॉनचा आजार निघाला, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात तो. त्यांच्या बाबतीत सुरुवात जिभेपासून झाली. आधी 'र' बोबडा झाला, मग 'ळ' गेला, आणि गणपती ते दिवाळी एवढ्यात बोलणंच बंद पडलं. हात अजून चालतात. बाबांनी गिरगावातल्या एका छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितशोधन केलं. आता माझ्या मुलाची पाटी घेऊन तिच्यावर लिहून बोलतात, आणि येताजाता त्याच्या गृहपाठातल्या वेलांट्या सुधारतात.

गिळताना ठसका लागतो. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून चमच्याने द्यायचं, कारण पातळ पाणी श्वासनलिकेत जातं. वाटीभर मऊ भात संपायला पाऊण तास. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, पोटातून नळी बसवून घ्या, आणि बसवायची तर आत्ताच. पुढे श्वासाची ताकद घटली की तेवढं छोटं ऑपरेशनही जोखमीचं होतं. त्यानंतर कधीतरी व्हेंटिलेटरचा प्रश्न येणार, हेही सांगून टाकलं.

परवा बाबांनी लिहिलं: "नळी नको. मशीन नको. यातून सोडव." 'सोडव'खाली दोन रेघा.

मी घाईघाईने पाटी पुसली. आई देवापाशी बसली होती. तिने पाहिलं की नाही, मी विचारलेलं नाही.

रात्री वाचत बसले. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने २० जून २०२५ ला ३१४ विरुद्ध २९१ मतांनी विधेयक मंजूर केलं: सहा महिन्यांत मृत्यू येणार असं निदान असलेल्या प्रौढाला, दोन डॉक्टर आणि एका समितीने तपासल्यावर, स्वतःच्या हाताने घ्यायचं औषध मिळावं. वाचून वाटलं, आपण अजून कुठे आहोत. पण मग २०१८ साली 'इच्छामरण कायदेशीर' असे मथळे आले होते ते काय होतं? आणि तसं असेल तर मी हा शब्द काढल्याबरोबर डॉक्टरांनी उठून केबिनचं दार का लावलं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. मुंबईत कोणी लिव्हिंग विल (पुढे सांगता आलं नाही तर कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं) केलंय का? ते द्यायचं कुठे असतं? सल्ले चालतील, प्रवचन नको.

फुकटचा_फौजदार | सोमवार, सकाळी ६:१०

ज्याने दिलं त्यानेच न्यावं. आपण कोण? बाकी स्टीफन हॉकिंग याच आजारात ५५ वर्षं जगले. सकारात्मक राहा. एक चांगले वैद्य आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पागडीवाली | सोमवार, सकाळी ८:३५

हॉकिंग आमच्या घरात या आठवड्यात आठव्यांदा आले. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी चहा टाकते. वैद्यांचा व्यनि नको, आभार.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १:२०

ताई, मी आयसीयूत काम करतो. तुमच्या प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टी एका शब्दाखाली आल्यात. तुमचा दोष नाही, मथळे लिहिणारेही तीच गल्लत करतात.

डॉक्टरने सुई टोचून मृत्यू आणायचा, ही पहिली. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून चालते. आपल्याकडे तो सरळ मनुष्यवध. डॉक्टरने औषध लिहून द्यायचं आणि रुग्णाने स्वतः घ्यायचं, ही दुसरी. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात १९९७ पासून आहे, ब्रिटनचं विधेयक याच जातीचं. आपल्याकडे तोही गुन्हा. तिसरी म्हणजे उपचार नाकारणं, किंवा चालू असलेले उपचार थांबवून आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं ते एवढंच. त्यामुळे 'इच्छामरण कायदेशीर' हा मथळा वाचून माझ्याकडे सुई मागायला आलेले नातेवाईक मी पाहिलेत.

बाबा शुद्धीत आहेत, लिहून सांगू शकतात. त्यांना पोटात नळी नको असेल तर ती कुणीही जबरदस्तीने बसवू शकत नाही. त्याला डॉक्टरांचं बोर्ड लागत नाही, कोर्ट लागत नाही. कागद हवा तो ज्या दिवशी त्यांना सांगता येणार नाही त्या दिवसासाठी.

आता आतली गोष्ट. रात्री दोन वाजता श्वास अडकलेला माणूस स्ट्रेचरवर येतो, बाजूला थरथरणारी मुलगी. त्या क्षणी आमचा हात आपोआप घशात नळी घालायला जातो. शिकवलंय तेच. घालायला दोन मिनिटं पुरतात. काढायची तर आधी उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं पहिलं बोर्ड, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ यांचं दुसरं, मग दंडाधिकाऱ्यांना कळवणं. जानेवारी २०२३ मध्ये हे बरंच सुटसुटीत केलं, बोर्डांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावं असंही म्हटलं. पण दुसऱ्या बोर्डावरचा तो नेमलेला डॉक्टर कोण, त्याला फोन कोणी करायचा, इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

मग होतं काय? बिल वाढतं, घरचे थकतात, आणि 'डामा' होतो. म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. ॲम्ब्युलन्समध्ये अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत दाबत माणूस घरी न्यायचा आणि उंबऱ्यात पोचल्यावर दाबणारा हात थांबवायचा. वेदनेचं औषध नाही, घरात कुणाला काही सांगितलेलं नाही. कागदावर मात्र आम्ही सगळे निर्दोष. तुमच्या डॉक्टरांनी दार का लावलं ते आता कळलं असेल.

तेवीस_दिवस | सोमवार, दुपारी ३:०५

डॉक्टर, ती शेवटची ओळ दोनदा वाचली.

माझे वडील. न्यूमोनिया, त्याआधी दोन वेळा पक्षाघात. व्हेंटिलेटरवर तेवीस दिवस. आठव्या दिवशी मी विचारलं, थांबता येईल का. रुग्णालयाचं नाव घेत नाही. मला सांगितलं, "तसं लिहून देता येत नाही, आणि तुमचे मोठे बंधू तर सगळं करा म्हणतायत." मोठे बंधू न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर. चार वर्षांत एकदा आलेले. ज्याने डायपर बदललेला नसतो त्यालाच सगळं करायचं असतं. मेडिक्लेम पाच लाखांचा, नवव्या दिवशी संपला. पुढचं आईच्या मुदत ठेवींतून.

राग बिलाचा कमी आहे. बाबांचे हात कॉटला फडक्याने बांधले होते, नळी उपटू नये म्हणून. एकविसाव्या दिवशी मी ते फडकं सोडून मनगट चोळलं तर त्यांनी माझा अंगठा धरला. तो धरला तो आधार म्हणून की सोडव म्हणून, मला आजही कळलेलं नाही.

काळा_डगला | सोमवार, रात्री ९:४०

थोडी कायद्याची भर. हा वाद मुंबईत मुरलाय म्हटलं तरी चालेल. १९८१ मध्ये मिनू मसानींनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली ती इथेच. १९८५ मध्ये सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत विधेयक आणलं, की जगवण्याचे कृत्रिम उपाय काढणाऱ्या डॉक्टरला संरक्षण मिळावं. ते बारगळलं. १९८६ मध्ये मुंबईतल्याच एका पोलीस शिपायाच्या खटल्यात आपल्या उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाचं ३०९ कलम घटनाबाह्य ठरवलं, न्या. पी. बी. सावंत यांचा निकाल. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच री ओढली आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांनी उलटवली: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पण मृत्यूची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झालेल्या माणसाच्या सन्मानाबद्दल त्या निकालात एक फट ठेवली होती. २०११ आणि २०१८ चे निकाल त्या फटीतून आत आलेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुनं ३०९ त्या रूपात राहिलं नाही. दुसऱ्याला आत्महत्येस प्रवृत्त करण्याचं कलम मात्र १०८ क्रमांकाने जिथल्या तिथे आहे, आणि मदत करणं त्याच्या कक्षेत येतं. म्हणजे "सोडव" लिहिणाऱ्यावर गुन्हा नाही, ते ऐकून मदत करणाऱ्या मुलीवर आहे. ताई, दिवसभराची दमणूक असताना कुठलाही निर्णय घेऊ नका, एवढंच वकील म्हणून नाही, शेजारी म्हणून सांगतो.

लिव्हिंग विल सोपं आहे. स्वतःच्या भाषेत लिहा. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. निर्णय कोण घेणार त्यांची नावं, एकाहून जास्त. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. २०१८ च्या निकालात न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, ती २०२३ मध्ये काढली. आपल्याकडे हे अधिकारी नेमले गेले त्यामागे मुंबईतल्या डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात केलेली याचिका आहे.

निवृत्त_सिस्टर | मंगळवार, सकाळी ७:१५

केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग, तिचं नाव अजून कोणी काढलं नाही, म्हणून मी काढते. मी तिच्यासोबत काम केलेलं नाही, पण माझी मैत्रीण केईएममध्ये होती आणि तिच्या पाळ्या त्या खोलीत लागायच्या.

२७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच तिच्यावर तो हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन ती कायमची अंथरुणाला खिळली, १८ मे २०१५ ला ती गेली. जवळपास बेचाळीस वर्षं. पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने याचिका केली की आता तिला जेवण भरवणं थांबवावं. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. कारण काय दिलं ते लोक विसरतात: तिच्या सगळ्यात जवळचं कोण, तर रोज तिला भरवणारे केईएमचे कर्मचारी. आणि ते म्हणत होते, ती जगावी. देशाला उपचार थांबवण्याचा नियम मिळाला तो अरुणामुळे, पण तो तिला लागू झाला नाही. ती व्हेंटिलेटरवर नव्हती, स्वतःचा श्वास घेत होती.

मैत्रीण म्हणायची, मासळीचा वास आला की ती वेगळीच जागी व्हायची. यात किती खरं, किती आमच्या मनाचं, देव जाणे. इच्छामरण म्हटलं की तिचं नाव घेतात, पण तिची इच्छा विचारायची सोय होती कुठे? ताई, तुमचे वडील लिहितात. जपून विचारा, आणि परत परत विचारा. आमच्या वॉर्डात सकाळचं उत्तर आणि रात्री तीनचं उत्तर एक नसायचं.

सीपी_टँक | मंगळवार, सकाळी ११:००

आम्हा जैनांत संथारा आहे, म्हणजे अन्नपाणी सोडत मरण स्वीकारणं. माझ्या आजीने ८६ व्या वर्षी घेतला. डॉक्टर, महाराज, घरची माणसं सगळ्यांशी बोलून, थोडं थोडं सोडत. खोलीत सतत कोणीतरी असायचं, स्तवनं चालायची. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयाने याला आत्महत्या ठरवलं, तेव्हा मुंबईतही आमचे लोक रस्त्यावर आले होते. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. माझं म्हणणं एवढंच की मरण स्वीकारण्याची रीत आपल्या मातीत आहे, त्यासाठी लंडनकडे बघायला नको.

इतिहासाचे_पान | मंगळवार, सकाळी ११:४०

सहमत. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये दादरच्या घरी अन्नपाणी आणि औषध सोडलं, २६ ला गेले. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तेच केलं. प्रायोपवेशन म्हणतात त्याला. तेव्हा कुणी पोलीस बोलावले होते?

संपादक | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

वरच्या प्रतिसादाखाली सावरकर विरुद्ध विनोबा असा उपधागा सुरू झाला होता, तो उडवला आहे. धागाकर्तीचे वडील आजारी आहेत याचं भान ठेवा. औषधांची नावं किंवा मात्रा विचारणारे दोन प्रतिसादही काढले. त्या दोन्ही सदस्यांना आम्ही वेगळं लिहिलं आहे आणि उत्तराची वाट बघतो आहोत.

रॅम्प_कुठाय | मंगळवार, रात्री १०:०५

लंडनकडे नको, पण मातीचं कौतुकही जरा आवरा. आजीच्या खोलीत सतत कोणीतरी होतं, हे वाक्य मला त्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

२००९ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून पडलो. छातीखाली काही नाही. पहिले सहा महिने मला कोणी कागद आणून दिला असता तर मी सही केली असती, तीही शुद्धीत, दोन साक्षीदारांसमोर, पूर्ण समजून. आज व्हीलचेअरवरून अकाउंट्सचं काम करतो, सोसायटीशी रॅम्पवरून भांडतो. महिन्यातून एकदा तरी कोणीतरी मला म्हणतं, "तुमच्या जागी मी असतो तर..." आणि वाक्य अर्धं सोडतं. ते अर्धं वाक्यच उद्या कायदा झालं तर?

कॅनडाकडे बघा. २०१६ मध्ये मृत्यू जवळ आलेल्यांसाठी डॉक्टरच्या मदतीने मरण सुरू झालं. २०२१ मध्ये ती अट काढली. आता मरणाच्या दारात नसलेला अपंग माणूसही अर्ज करू शकतो. माझ्यासारख्याला घर, मदतनीस, पेन्शन मिळेतो वर्षं जातात. मरण मिळायला तेवढी जात नाहीत.

ताई, तुमच्या बाबांचं माझ्यासारखं नाही, त्यांचा आजार थांबणारा नाही, हे मला कळतं. तरी एक विचारतो, राग मानू नका. 'यातून सोडव' मधलं 'यातून' म्हणजे कशातून? आजारातून की चाळीच्या टोकाच्या संडासापर्यंतच्या चालण्यातून?

पागडीवाली | बुधवार, रात्री १२:३०

राग आला होता. दोन तास गॅलरीत उभी राहिले, मग उतरला.

संडास टोकालाच आहे. पाच बिऱ्हाडं ओलांडून. बाबा सकाळी साडेचारला उठतात, कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून. लाळ गळते, खांद्यावर टॉवेल असतो. पाटकर आजी रोज दार उघडून विचारते, "बरं आहे ना हो?" आणि ते मान हलवतात. आता बोलता येत नाही म्हणून सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलतात. बहिरे नाहीत ते.

मी त्यांना विचारलेलं नाही. पाटी पुसली होती ना मी.

ओकव्हिलकर | बुधवार, पहाटे ४:१५

कॅनडाचा विषय निघालाय म्हणून. आमच्या शेजारच्या आजींनी मागच्या वर्षी हेच निवडलं. कर्करोग हाडांत गेला होता. गुरुवार ठरवला. मुलं विमानाने आली. सकाळी आजींनी सगळ्यांना सूप करून वाढलं, मला बोलावून बागेतली गुलाबाची कुंडी दिली, दुपारी डॉक्टर आले. त्यांच्या मुलाने सांगितलं, पंधरा मिनिटं.

खोटं बोलत नाही, मला हेवा वाटला. माझी आई ठाण्यात पाच महिने विव्हळत गेली. पण रॅम्पभाऊ म्हणतात तेही इथे रोज दिसतं. मानसिक आजार हे एकमेव कारण असेल तरीही परवानगी द्यायची की नाही, हे सरकार पुढे पुढे ढकलतंय, आता मार्च २०२७. एक दार उघडलं की त्याला लागून दुसरं असतंच. मी कुठल्या बाजूचा, विचारू नका. गुलाबाला दर उन्हाळ्यात फुलं येतात.

फुकटचा_फौजदार | बुधवार, सकाळी ६:३०

आपल्याकडे असा कायदा आला तर लोक खोल्यांसाठी म्हाताऱ्यांच्या सह्या घेतील. गिरगावात पागडीची खोली, पुनर्विकासात टॉवर, विचार करा! कोटीचा मामला.

पागडीवाली | बुधवार, सकाळी ८:००

@फौजदार, माझ्या आयडीकडे बघून लिहिलंत की काय? तरीही, मुद्दा खोटा नाही. काकांनी गेल्या महिन्यात दोनदा 'कागदपत्रांचं बघून घे' म्हटलंय.

पायपीट | बुधवार, दुपारी २:५०

परळच्या आसपास पॅलिएटिव्ह केअरची (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी सेवा) समाजसेविका म्हणून एकवीस वर्षं फिरतेय, बहुतेक कर्करोगाचे रुग्ण. उशिरा आले, पण धागा पूर्ण वाचला.

टाटा रुग्णालयाच्या परिसरातल्या फुटपाथवर बिहार-बंगालहून आलेली कुटुंबं ताडपत्रीखाली राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब थोर. त्यांच्यात "मला मारून टाका" म्हणणारे मी खूप पाहिलेत. पहिली गोष्ट आम्ही विचारतो, दहापैकी किती दुखतंय? मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी काही फार महाग नसते. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ती इतकी बांधून ठेवली की डॉक्टरच हात लावायला घाबरू लागले. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, भीती तेवढी उतरली नाही. दुखणं उतरल्यावर त्याच तोंडून "आज जेवायला काय?" ऐकलंय. सगळ्यांकडून नाही. काहीजण पूर्ण आरामात, शांतपणे, तरीही "पुरे झालं" म्हणाले, आणि त्यांच्यापुढे माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. म्हणून 'पॅलिएटिव्ह मिळालं की इच्छामरण कोणी मागणारच नाही' असं आमच्यातले काही ठणकावून सांगतात तेव्हा मी गप्प बसते.

वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणारी जागा. तिथे कर्करोगाचेच रुग्ण घेतात, तुमच्या बाबांना उपयोग नाही. पण मॉर्फिन फक्त कर्करोगाचं नसतं. तुमच्या बाबांच्या आजारात शेवटी गुदमरल्यासारखं होतं त्यालाही ते थोड्या मात्रेत देतात, आणि लाळेवरही औषधं आहेत. टॉवेलचं वाचलं म्हणून सांगते. ती तुम्हाला अजून कोणी दिलेली दिसत नाहीत. न्यूरॉलॉजिस्टना पॅलिएटिव्ह विभागाकडे पाठवा म्हणून स्पष्ट सांगा. नळी नको म्हणणं आणि उपचारच नकोत म्हणणं एक नाही. माणूस नळी नाकारून नीट, आरामात राहू शकतो. दिवस तेवढे कमी असतात.

आणि कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. ती आधी आणा. लिव्हिंग विल नंतर.

रॅम्प_कुठाय | बुधवार, दुपारी ३:१०

+१. खुर्चीला चाकं असलेली घ्या. जुनी एक माझ्याकडे पडून आहे, व्यनि करतो.

तेवीस_दिवस | बुधवार, दुपारी ४:००

पायपीट ताई, तुम्ही आम्हाला तेव्हा भेटायला हव्या होतात.

पागडीवाली | पुढच्या मंगळवारी, रात्री ११:१०

उशीर झाला, माफ करा. बरंच घडलं.

खुर्ची आली. रॅम्पभाऊ, तिसऱ्या मजल्यावर ती वर आणायला चाळीतली चार पोरं लागली आणि तुमच्या ड्रायव्हरने भाडं घेतलं नाही. बाबा आता साडेसहापर्यंत झोपतात. लाळेचं औषध सुरू झालं, टॉवेल दिवसातून दोनच बदलावे लागतात.

मी विचारलं. पाटी समोर ठेवली आणि विचारलं, 'यातून' म्हणजे? त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं, "गुदमरायची भीती. आणि तुझ्या आईला रात्री उठावं लागतं." आईने या वेळी वाचलं. तिला राग आला. "मी कधी म्हटलं मला त्रास होतो?" असं म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला बसली. बाई येते आमच्याकडे, भांड्यांना. मग परत आली आणि म्हणाली, "मशीन नको असेल तर मशीन नको. पण सोडव वगैरे पोरीला लिहायचं नाही. मला लिहा."

गुदमरण्याबद्दल पॅलिएटिव्हच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना स्वतः सांगितलं, माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून. काय होईल, तेव्हा काय देणार, कोण येणार. बाबांनी पाटीवर तीन प्रश्न विचारले, तिन्हींना उत्तरं मिळाली. त्यानंतर 'सोडव' पुन्हा आलेलं नाही. येणार नाही असं मी म्हणत नाही. ब्रिटनच्या त्या विधेयकासारखा कायदा इथे असावा का, या प्रश्नावर मी धागा काढला तेव्हा 'हो' होते; आता बाबांसाठी अजूनही 'हो'च्या बाजूला आहे आणि आमच्या काकांकडे बघितलं की 'नको' वाटतं. एवढीच माझी प्रगती.

लिव्हिंग विलचा कागद घेऊन मी तीन ठिकाणी फिरले. पहिल्या खिडकीवर "मृत्यूपत्र? सब-रजिस्ट्रारकडे जा." दुसऱ्या खिडकीवर "पेशंट वारला का?" तिसरीकडे एका बाईंनी फाइल काढली, नोटरी झाल्यावर प्रत इथेच आणा म्हणाल्या, आणि हळूच विचारलं, "कोरा फॉर्म मिळेल का? माझ्या सासूबाईंसाठी." काळा डगला काका, मसुदा तुमचाच वापरला, मराठीत केला.

खरी गंमत त्याआधीची. नोटरीकडे जायच्या आदल्या रात्री मसुदा बाबांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावला आणि लाल पेन मागितलं. अडतीस वर्षांची सवय. 'कृत्रीम'ची वेलांटी ऱ्हस्व केली. 'जीवनरक्षक प्रणाली'वर काट मारून समासात 'मशीन' लिहिलं. 'माझी कन्या' काढून माझं नाव घातलं. व्हेंटिलेटरच्या कलमापाशी पेन थांबलंच नाही, बाजूला बरोबरची खूण केली.

मग नळीचं कलम: 'पोटातून किंवा नाकातून नळीद्वारे अन्न देऊ नये.' 'देऊ नये'वर त्यांनी रेघ मारली आणि समासात ती शेपटीवाली खूण काढली, काढून टाका म्हणून. मी बघत होते. आई बघत होती. बाहेर गॅलरीत कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. बाबांनी पेन टोपणात घातलं, परत काढलं, आणि खोडलेल्या शब्दांखाली एकेक करून टिंबं द्यायला लागले.

छापखान्याशी संबंध नसलेल्यांसाठी: खोडलेल्या शब्दाखाली टिंबं म्हणजे तो शब्द राहू द्या.

चार टिंबं दिली आणि थांबले. शब्दांच्या लांबीला सहा-सात तरी लागतात. मी विचारलं, बाबा, राहू द्यायचं की काढायचं? त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पाटीवर लिहिलं, "हे उद्या. आधी भात दे."

नोटरीची वेळ आता शुक्रवारची घेतली आहे.